बाजूला काढलेली माणसं

प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या नात्यागोत्याची तपासणी तिने जेवायला जाताना लावून ठेवली होती, आणि हात धुऊन परत येते तो संगणकाने तिला तिचा भाऊ काढून दिलेला. पडद्यावर एकच ओळ होती. घरचा नमुना सात आणि कुठल्याशा क्रमांकाचा एक रुग्ण, नातं सख्ख्या भावंडांचं. घरचा नमुना सात म्हणजे ती स्वतः. नवं यंत्र आलं तेव्हा ते नीट वाचतंय की नाही हे पाहायला, ते सांभाळणाऱ्या, सगळ्यांच्या यंत्रकाकांनी सगळ्या खोल्यांतून नळ्या वाटल्या होत्या. "एरवी एकमेकांच्या कामावर थुंकताच, आज जरा माझ्यासाठी थुंका," असं म्हणत त्यांनी सगळ्यांच्या तोंडापुढे नळी धरली होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसुद्धा पाठ वळवून मुकाट्याने थुंकल्या होत्या. त्या नळ्या 'घरचे नमुने' म्हणून नोंदल्या गेल्या आणि ती विसरून गेली. भाऊ मात्र तिला एकच होता, धाकटा. त्याच्या हॉस्पिटलातून या अभ्यासाला नमुने येतात हे तिला ठाऊक होतं. हजारो बिननावाच्या क्रमांकांत तो कुठेतरी असणार हेही ठाऊक होतं, पण ओळखीच्या घरावरून जाताना उघड्या खिडकीत डोकावू नये तशी ती आजवर तिकडे पाहत नव्हती. आता खिडकीच तिच्या टेबलावर येऊन बसली होती. तिने ओल्या हातांनी खुर्ची ओढली. छातीत काहीतरी हललं, पण ती भीती नव्हती. कोडं समोर आलं की तिला नेहमी व्हायचं तसंच काहीसं होतं ते.

ही तपासणी तशी लावायचं कारणही नव्हतं. सारा अभ्यास किडनीच्या आजाराचा. आजारी आणि धडधाकट माणसांचे डीएनए शेजारी शेजारी मांडायचे आणि आजाऱ्यांत कुठलं अक्षर जास्त सापडतं ते हुडकायचं. ऐकायला सोपं, पण या मुलुखात दोन तऱ्हेची माणसं पूर्वापार राहत आलेली, खोऱ्यातली आणि किनाऱ्यावरची, आणि आजार किनाऱ्यावर जास्त. मग किनाऱ्याच्या माणसांत जे जे जास्त असेल, कुरळे केस म्हणा, चिकटलेली कानाची पाळी म्हणा, ते सगळंच आजाराचं कारण असल्यासारखं दिसू लागतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणून आधी माणसांची वंशावरून विभागणी करायची आणि मग प्रत्येक ढिगात वेगळा शोध घ्यायचा. ही विभागणी तिच्याकडे होती, त्यावरून तिला सगळे चाळणीबाई म्हणत. पडद्यावर माणसांचे ठिपके पडत. डावीकडे खोऱ्याचा दाट पुंजका, उजवीकडे किनाऱ्याचा, आणि दोहोंच्या मध्ये हातातून दाणे सांडावेत तसे विखुरलेले काही. त्यांना सगळे मधले म्हणत. मधल्यांचं काय करायचं याची रीत जगभर ठरलेली होती: काढून टाकायचे. उत्तर स्वच्छ येतं, कुणी शंका घेत नाही. आपल्याकडून असे काढलेले सगळे तिने एका फाइलीत ठेवले होते आणि फाइलीचं नाव ठेवलं होतं 'बाजूला'. ती फाइल आता जागा खात होती. कायमची पुसण्याआधी एकदा बघून घे, असं मॅडम सकाळी म्हणाल्या म्हणून तिने तपासणी लावली. आणि तिथे, पुसायच्या माणसांत, ती आणि तिचा भाऊ सापडले. स्वतःच्या हातांनी तिने स्वतःला काढून बाजूला ठेवलं होतं आणि वर चहा प्यायली होती.

तिने बाही सरकवून मनगटाची आतली बाजू पाहिली. तीच कातडी, त्याच दोन हिरवट शिरा. आपण खोऱ्यातले, हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कुणी बोललेलं न वाटता घराच्या भिंतींतूनच येत असल्यासारखं वाटे. बाबा ते दाढी करताना म्हणत, आरशात नाकाची धार न्याहाळत. "सात पिढ्या खोऱ्यातल्या. भेसळ नाही." आई ते कुणी मोठ्याने हसलं की म्हणे, कारण तिच्या मते मोठ्याने हसायचं ते किनाऱ्यावरच्यांनी. भावाचे केस लहानपणी इतके कुरळे की कंगवा अडकून दात मोडायचे. आई त्याचं डोकं तेलाने चप्प बसवायची आणि पुटपुटायची, हे केस कुठून घेऊन आलं हे कार्टं. कुठून हा प्रश्न तेव्हाही घरात होता तर. तो असा रोज तेलाखाली दाबून बसवला जात होता आणि आपल्याला, जिला प्रत्येक गोष्टीचं कुठून विचारायची खोड, तो कधी ऐकूच आला नाही, याचं तिला हसू आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण हसू ओठांवर असतानाच आतून एक दुसरा विचार वर आला. पुढच्या महिन्यात ती भावाला किडनी देणार होती.

ते ठरलं तेव्हाची डॉक्टरांची खोली तिला आठवली. भिंतीवर घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन किडन्यांचं चित्र, खिडकीतून येणारा मोटारींचा आवाज, आणि भाऊ टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेला, सुजलेल्या चेहऱ्याने लहानपणासारखा गोल दिसणारा. रक्त जुळलं होतं, बाकी सगळं जुळलं होतं. "मूळचे कुठले तुम्ही?" डॉक्टरांनी जाता जाता विचारलं होतं, आणि तिने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली होती, "खोऱ्यातले. सात पिढ्या." मग डॉक्टरांनी एक तपासणी रद्द केली. ती तपासणी फक्त किनाऱ्याच्या दात्यांची करतात. किनाऱ्याच्या काही माणसांत एका जनुकाची वाकडी प्रत असते. प्रत्येकाला दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक वाकडी असली तर बिघडत नाही, पण दोन्ही वाकड्या निघाल्या तर किडनी कधीतरी दगा देण्याची भीती मोठी, आणि अशी किडनी दुसऱ्याच्या पोटात घातली तर तिथेही ती लवकर संपते. खोऱ्यातल्यांत ही भानगड नाही, म्हणून त्यांची तपासणी नाही. हा नियम कुठून आला हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो याच इमारतीतून गेला होता, मधल्यांना वगळून काढलेल्या स्वच्छ उत्तरातून. मधल्यांबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता. त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं कुणी.

आणि भाऊ. तीन वर्षं भाऊ एकच गोष्ट स्वतःशी चघळत होता. तो वेल्डर. ठिणग्यांच्या लखलखाटाने डोकं ठणकायचं, मग तो दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणून शेंगदाण्यासारख्या खायचा. किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांना नेमकं कारण सापडलं नाही, पण गोळ्यांचं ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या आणि तेवढं आईला पुरलं. "किती खायचास रे दिवसाला?" आई अजूनही ताट वाढता वाढता विचारी, जणू आकडा कळला की आजार परत करता येईल. तो थट्टेवारी नेई. पण एकदा, जिन्यात दम लागून दोघं कठड्याला टेकून उभी असताना, तो खालच्या पायरीकडे बघत म्हणाला होता, "ताई, मीच केलं ना गं हे?" आणि तिने काय म्हणावं? "तसं सांगता येत नाही." खरं तेच होतं, तिच्या धंद्यात याहून जास्त कुणी बोलत नाही. त्याने मान हलवली होती आणि उरलेला जिना तो न थांबता चढला होता. ते तिला टोचत राहिलं होतं, चपलेत खडा जावा आणि रस्ताभर काढायला थांबता येऊ नये तसं.

दुपार कलली तरी ती जागची उठली नाही. स्वतःचा नमुना पाहायला कुणाची परवानगी नको होती. मधल्यांना हाताळायची एक रीत होती, वेळखाऊ, म्हणून कायम उद्यावर ढकललेली. माणसावर खोरं की किनारा असा एक शिक्का मारायचा नाही, त्याच्या डीएनएचा तुकडा न् तुकडा रंगवायचा. हा तुकडा खोऱ्यातून आला, हा किनाऱ्यावरून. तिने ती लावली आणि बोटं हनुवटीखाली दुमडून बसली. पडद्यावर पट्ट्या उमटू लागल्या, प्रत्येक गुणसूत्राच्या दोन, गेरूच्या रंगात खोरं आणि निळ्यात किनारा. बहुतेक सगळं गेरूच होतं, पण मध्येच निळी फीत यायची, लांब किंवा आखूड, आणि पुन्हा गेरू. सगळं मिळून पाव हिस्सा निळा. ती खुळ्यासारखी बघत राहिली. या फितीत काय असेल? मला पाण्याची भीती वाटत नाही ती इथून? झोपेत बडबडते ती इथून? यातलं काही अशा फितीवर लिहिलेलं नसतं हे ती दर वर्षी नव्या मुलांना बजावून सांगे, आणि तरी आता ती तेच विचारत होती. सगळ्यात नवल म्हणजे काही ठिकाणी दोन्ही पट्ट्या एकाच जागी निळ्या होत्या. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तिसरी वाट नाही. भेसळ नाही म्हणणारे बाबा आणि मोठ्याने न हसणारी आई, दोघंही.

किडनीच्या त्या जनुकाची जागा तिने शेवटी ठेवली होती. मुद्दाम सगळीकडे फिरून आली, आवडत नसलेल्या नातेवाइकाकडे जाताना माणूस वाटेतल्या चार घरी टेकतो तशी. मग बावीस क्रमांकाच्या पट्ट्या उघडल्या. वर निळं, खाली निळं. तिचं डोकं लगेच कामाला लागलं. निळं म्हणजे वाकडं नव्हे. किनाऱ्याच्या निम्म्याहून जास्त प्रती सरळच असतात, रंगावरून काही ठरत नाही, अक्षरच वाचावं लागतं. हेच तर डॉक्टरांनी करायला हवं होतं, मूळचे कुठले असं विचारण्याऐवजी. तिने अक्षरं वाचली. पहिली प्रत वाकडी. दुसरीही वाकडी. तिने पडदा बंद केला आणि पुन्हा चालू केला. प्रती वाकड्याच होत्या. म्हणजे तिची किडनी देण्याजोगी नव्हती. आणि मग एक विचार आला, अगदी सभ्यपणे, दार वाजवून आत यावा तसा: तपासणी रद्द झालेली आहे. कुणी विचारणार नाही. तू गप्प बसलीस तर पुढच्या महिन्यात त्याला किडनी मिळते, आई एक रात्र निवांत झोपते. फाइल तर पुसायचीच आहे. ती त्या विचारासमोर बराच वेळ बसून राहिली. त्याची तिला लाज वाटली नाही, नवल मात्र वाटलं, की इतकं चुकीचं काहीतरी इतक्या प्रेमाच्या आवाजात बोलू शकतं. ती किडनी त्याच्या पोटात थोडीच वर्षं टिकली असती, आणि मग दोघंही यंत्राला जोडलेली, शेजारी शेजारी. नाही. ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की त्या अचानक कुणाच्या तरी मावशीसारख्या दिसत.

"तुझं तू बघितलंस ते ठीक. त्याचं नाही ना उघडलंस?"

"नाही. क्रमांक कळलाय फक्त."

"मग त्याच्याकडे जा. त्याने स्वतः मागितलं तर दाखव, ते त्याचंच आहे. पण त्यावर औषधपाणी करायचं नाही, हॉस्पिटलला पुन्हा तपासायला सांग. आणि तुझंही." त्या थांबल्या. "त्या फाइलीत आणखी किती असतील गं अशी?"

"पुसू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

"पुसते कशाला. रंगवायला घे उद्यापासून सगळी. आजवर आपण सोपं ते केलं, झालं."

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई भावाच्याच घरी राहायची. भाऊ बाहेर गेला होता, भावजय कामावरून यायची होती आणि आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिने सरळ विचारलं, आडवळण तिला जमत नसे. आईचा हात शेंगेत थांबला. "कोण म्हणालं तुला?" आणि मग, मुलगी काही बोलायच्या आत, "माझी आजी. आईची आई. किनाऱ्याची होती. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी शपथ घातली होती, तोंड उघडायचं नाही म्हणून. तुझे बाबा गेले, पण जाईपर्यंत त्यांना कळू दिलं नाही मी." तिच्या आवाजात अपराध होता आणि थोडा विजयही. तेव्हा मुलीने तिला दोन पट्ट्यांचं सांगितलं, की एकीकडचं निळं पुरत नाही, बाबांकडूनही आलंय, तेवढंच. आईचे खांदे हलू लागले, आणि तिला रडू येतंय असं वाटेतो आई हसायला लागली, मोठ्याने, मांडीवरचे वाटाणे जमिनीवर घरंगळेपर्यंत. "म्हणजे त्यांचीही कुणीतरी? आणि मला म्हणायचे, जरा हळू हस! अगं, चोरावर मोर निघाले की तुझे बाबा. जन्मभर दोघं एका ताटात जेवलो आणि दोघं एकमेकांना टोपी घालत होतो." डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "पण आज हे कशाला उकरलंस?" मुलगी आधी खाली बसून वाटाणे वेचू लागली. सांगितलं तेव्हा आईचं हसू कुठल्या कुठे गेलं. बराच वेळ दोघी पलंगाखालचे वाटाणे शोधत राहिल्या, सगळे सापडले होते तरी.

दुसऱ्या दिवशी भावाचा डायलिसिसचा वार होता. लांबट खोलीत खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशी एक यंत्र, आणि नळ्यांतून माणसांचं रक्त बाहेर जाऊन परत येत होतं, घाईगर्दी न करता. तो डोळे मिटून पडला होता. हातावरच्या शिरेशी चिकटपट्टी, जुन्या ठिणग्यांचे पांढुरके डाग मनगटभर. एकेकाळी हे डाग तो शाळेतल्या मुलांना शौर्यपदकं म्हणून दाखवायचा. ती आली की तो ओळखायचा, चपलांवरून. "ताई, आज सुट्टी? का चाळणी फाटली?" ती स्टुलावर बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. तिने ठरवलं होतं की आधी पणज्या सांगायच्या, आईचं हसणं सांगायचं, मग हळूच किडनीवर यायचं. पण तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य निघालं ते, "ठोंब्या, मला देता येणार नाही." लहानपणचं ते नाव तिने कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं.

तिने बाकीचं सांगितलं, घाईघाईने, उलटसुलट: मधले ठिपके, दोन पट्ट्या, दोन्हीकडच्या दोन पणज्या, तिच्या दोन्ही वाकड्या प्रती. तो वर छताकडे बघत ऐकत होता. "म्हणजे परत रांगेत," तो शेवटी म्हणाला. "असू दे. तुला काही होणार नाही ना?" तिने सांगितलं की होईलच असं नाही, जपावं लागेल. "मग माझ्यातही तेच असेल?"

"असेलच असं नाही. एकाच आईबापाच्या पोरांना पत्ते वेगळे येतात. तुझे पत्ते मी पाहिले नाहीत. तू म्हणालास तर बघते."

"बघ की. माझ्यात लपवण्यासारखं काय राहिलंय, सगळं नळीतून बाहेर दिसतंय."

तिने त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली, डाव्या हाताची, वेडीवाकडी, आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. त्याच्या पट्ट्या तिच्याहून वेगळ्या होत्या. तिच्याकडे गेरू तिथे त्याच्याकडे निळं, कुठे उलटं. एकाच घरातून दोघं वेगवेगळं सामान घेऊन निघाली होती. तो मान उंचावून बघत होता. "ही निळी कोण?" त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, "कुणीतरी पणजी." "कुठली, आईची की बाबांची?" "ते नाही सांगता येत." बावीस क्रमांक आला. निळं, निळं. तिने अक्षरं वाचली, मग पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. दोन्ही वाकड्या.

तो त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिला. यंत्र बारीक आवाजात एकसुरी चाललं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने पांघरूण वर ओढलं. मग भावाने विचारलं, तेच, जिन्यातलं, पण या वेळी तिच्या डोळ्यांत बघून. "म्हणजे मी केलं नव्हतं?"

नाही म्हण, तिच्या आतली सगळी माणसं एका सुरात म्हणाली. एका शब्दाचं काम होतं. त्याला द्यायला तिच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. पण ते खरं नव्हतं. तिच्याही दोन्ही प्रती वाकड्या होत्या आणि ती धडधाकट होती. नुसत्या वाकड्या प्रतींनी सगळं होत नाही, वरून काहीतरी ढकलावं लागतं, आणि मूठ मूठ गोळ्यांनी थोडं ढकललं असणारच. उत्तर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडलेलं होतं. ते वगळून त्याला स्वच्छ उत्तर द्यायचं तिच्या जिभेवर आलं, आणि तिने ते गिळलं.

"गोळ्यांनी थोडी भर घातली असेल," ती म्हणाली. "थोडी. पण मूळ हेच आहे. तू एकही गोळी खाल्ली नसतीस तरी कदाचित हे झालं असतं. किती त्या दोघी पणज्यांमुळे आणि किती तुझ्यामुळे, ते मला मोजता येत नाही रे."

त्याने डोळे मिटले आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळलं, ते त्याने पुसलं नाही, एक हात नळीला बांधलेला आणि दुसरा तिने कधी धरला तिला कळलं नव्हतं.

"थोडा मी," तो म्हणाला, "आणि थोड्या त्या दोघी."

"हो."

"थोडं झेपेल गं मला, ताई," तो म्हणाला. "सगळं झेपत नव्हतं."